वंडर वुमनची सर्सी: ही चेटकीण वाचायची कशी

कॉमिक्समधली सुपरहिरोइन वंडर वुमन, म्हणजेच डायना, तिची दुश्मन कोण म्हटलं की लोक पहिलं नाव चीता या खलनायिकेचं घेतात, मग युद्धदेव एरीसचं, आणि सर्सीपर्यंत येईस्तोवर गप्पा संपलेल्या असतात. माझ्या मते ती या दोघांपेक्षा वरचढ आहे. पण ती पटकन कळत नाही, कारण एखादा सुटा अंक उचलला तर जांभळ्या केसांची एक बाई हात वर करून माणसांची जनावरं करतेय एवढंच दिसतं आणि आपण पान उलटून पुढे जातो. म्हणून कुठून सुरू करायचं, कशाकडे बघायचं आणि काय सोडलं तरी चालेल, ते सांगतो.

आधी होमर, पण थोडाच

सर्सी मुळात होमर या प्राचीन ग्रीक कवीच्या ओडिसी या महाकाव्यातली. ते अख्खं वाचायची गरज नाही, दहावा भाग बास. सर्सी ही सूर्यदेव हेलिओसची मुलगी, एइआ नावाच्या बेटावर राहते, घराभोवती लांडगे आणि सिंह अगदी माणसाळलेले, येणाऱ्याजाणाऱ्यापुढे शेपट्या हलवतायत, आणि आतून मागावर कापड विणता विणता तिचं गाणं ऐकू येतंय. काव्याचा नायक ओडिसियस याची माणसं आत शिरतात, ती त्यांना चीज, जवाचं पीठ, मध आणि वाइन कालवून देते, त्यात गुपचूप तिचं औषध घातलेलं असतं, ते पोटात गेलं की काठीचा एक फटका, आणि सगळे डुकरं.

इथे एका गोष्टीवर नक्की थांबा. होमर स्पष्ट सांगतो की अंग डुकराचं झालं तरी मन मात्र आधीसारखं माणसाचंच राहिलं. म्हणजे ती माणसं खुराड्यात कोंडलेली आहेत, समोर टाकलेली ओकची फळं खातायत आणि आपलं काय झालंय हे त्यांना कळतंय. सर्सीची खरी दहशत ही आहे. आणि चांगल्या कॉमिक्सवाल्यांनी नेमकी हीच उचललीय.

पुढे हर्मीस देवाने दिलेल्या मोली नावाच्या झाडपाल्यामुळे ओडिसियसवर तिची जादू चालत नाही, मग ती सगळ्यांना परत माणूस करते, आणि ते आधीपेक्षा तरुण, उंच आणि देखणे होऊन उठतात! वर्षभर त्यांना खाऊपिऊ घालते, निघताना पुढच्या धोक्यांची माहितीही देते. तेव्हा मूळ सर्सी काही सरळसोट खलनायिका नाही, ती घात करते आणि मदतही करते, हे डोक्यात ठेवूनच कॉमिक्स उघडा.

जमलं तर बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समधल्या इसवी सनपूर्व सहाव्या शतकातल्या ग्रीक प्याल्याचा फोटोही बघा. सर्सी मध्ये उभी, हातात ते पेय, आणि भोवती अर्धवट बदललेली माणसं, धड माणसाचं आणि डोकी वेगवेगळ्या जनावरांची. हा फोटो बघून मग कॉमिक्समधले तिचे पशुमानव बघितले की ही कल्पना किती जुनी आहे ते आपोआप कळतं.

मग कॉमिक्स, या क्रमाने

वंडर वुमन छापणाऱ्या डीसी कंपनीच्या कॉमिक्समध्ये ती पहिल्यांदा आली १९४९ मध्ये, वंडर वुमनच्या ३७ व्या अंकात, रॉबर्ट कॅनिगरने लिहिलेल्या आणि एच. जी. पीटरने काढलेल्या गोष्टीत. त्या काळाची गंमत म्हणून चाळा आणि पुढे जा, तिथे फार अडकू नका.

खरी सुरुवात लेखक-चित्रकार जॉर्ज पेरेझपासून. त्याने १९८७ मध्ये वंडर वुमन नव्याने सुरू केली, आणि १९८८ च्या १७ ते १९ नंबरच्या अंकांत सर्सी आणली. हे अंक घाईत वाचू नका. पेरेझ एका पानात इतकं काही भरतो की पहिल्या वाचनात निम्मं सुटतंच, त्यामुळे एकदा गोष्टीसाठी वाचा आणि दुसऱ्यांदा संवाद न वाचता नुसती मागची गर्दी बघा, कोणाचे हात अजून माणसाचे आहेत, कोणाचं तोंड बदललंय. शिवाय सर्सीच्या चेहऱ्यावर राग फार कमी दिसतो, तिला मजा येत असते, आणि रागापेक्षा ते जास्त अंगावर येतं.

आणि इथेच कळतं की ती डायनाच्या मागे का लागलीय. सर्सीची ताकद हेकेटी या जादूच्या देवीकडून आलेली, आणि एका भविष्यवाणीमुळे तिला डायनात स्वतःचा शेवट दिसतो. पण माझ्या मते त्याहून मोठं भांडण विचारांचं आहे. डायनाला वाटतं माणूस मुळात चांगला आहे, त्याला फक्त आठवण करून द्यावी लागते. सर्सी म्हणते माणूस मुळात जनावरच आहे, मी फक्त वरचं कातडं काढते. प्रत्येक वेळी ती कोणाला कशात बदलते ते बघत चला, तो तिचा त्या माणसाबद्दलचा निकाल असतो. आणि डायना तर मातीतून घडवलेली, म्हणून तिला जनावर न करता सर्सी थेट मातीत मिळवायला निघते. इतका हिशोबी क्रूरपणा चीताकडे नाही.

१९९१ चं वॉर ऑफ द गॉड्स पहिल्या फेरीत सोडा. चार अंकांची मालिका आहे, सर्सी वेगवेगळ्या देशांच्या देवांना एकमेकांशी लढवते, कल्पना जबरदस्त आहे, पण गोष्ट इतर मालिकांच्या अंकांत इतकी पसरलीय की नवीन वाचकाचा पार गोंधळ उडतो.

त्याऐवजी लेखक विल्यम मेस्नर-लोब्सच्या काळातली डॉना मिल्टन वाचा. हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे आणि याच्याबद्दल फार कमी बोललं जातं याचं मला मनापासून वाईट वाटतं. डॉना ही एक वकील, पोटुशी, डायनाच्या आयुष्यात येते आणि हळूहळू तिची मैत्रीण होते. ही डॉना म्हणजेच सर्सी. वेषांतर इतकं पक्कं की ती कोण आहे हे तिचं तिलाच आठवत नाही! बाळाचा बाप एरीस, मुलीचं नाव लायटा. आता विचार करा, जिने हजारो वर्षं लोकांची रूपं बदलली तिच्यावर तिचीच जादू उलटते, आणि त्या रूपात ती पहिल्यांदा कोणावर तरी विश्वास टाकते, तेही डायनावर. सर्सी कोण हे आपल्याला आधीच माहीत असल्यामुळे साध्या गप्पांचे प्रसंगसुद्धा जड वाटतात. हे वाचल्याशिवाय सर्सी कळली असं मी तरी म्हणणार नाही.

त्यानंतर लेखक-चित्रकार फिल हिमेनेझ, २००१, अंक १७४ आणि १७५. सर्सी न्यूयॉर्कमधल्या पुरुषांची, सुपरहिरोंसकट, जनावरं करते आणि बायका व्हिलन्सना त्यांच्या शिकारीला बोलावते. वरवर धमाल मारामारी आहे, पण डॉना मिल्टन वाचून आलात तर सर्सीचा डायनावरचा राग वेगळाच दिसतो, जवळची मैत्रीण दुरावल्यावर येतो तसला.

कुठे सावध राहायचं

काही लेखकांनी तिला नुसती पुरुषद्वेष्टी बाई करून टाकलंय, कपडे कमी आणि किंचाळणं जास्त. अशा गोष्टींत तिच्याकडे सांगायला काही नसतं. ती बोलताना तिच्या मुद्द्यात थोडंतरी तथ्य वाटतंय का ते बघा, वाटत नसेल तर तो अंक बाजूला ठेवा.

कार्टून आवडत असेल तर जस्टिस लीग अनलिमिटेडचा २००४ चा एक भाग आहे, त्यात ती चक्क डायनालाच डुकरीण करते आणि तिला सोडवायची किंमत म्हणून बॅटमनला सगळ्यांसमोर गाणं म्हणायला लावते. लहान मुलांसोबत बघायला एकदम मस्त.

नेटवर शोधताना मार्व्हल या दुसऱ्या कॉमिक्स कंपनीचीही एक सर्सी सापडेल, जॅक कर्बीच्या इटर्नल्समधली, २०२१ च्या सिनेमात जेमा चॅन झालेली. ती हिरो आहे, वेगळं कॅरेक्टर, तेव्हा शोधताना सोबत वंडर वुमन टाकाच. पेरेझ आणि हिमेनेझ या दोघांचेही ऑम्निबस, म्हणजे बरेच अंक एकत्र बांधलेले ग्रंथ, निघालेत पण ते जाडजूड आणि महाग असतात, त्यामुळे आधी वर दिलेल्या नंबरचे अंक डिजिटल घेऊन वाचा, आवडले तर मग पैसे घाला.