अल्प उत्पन्न कुटुंबांसोबत कुटुंब परिषद कशी घ्यावी

न्यूझीलंडमध्ये १९८९ च्या कायद्याने मुलांच्या देखभालीविषयीचे निर्णय घेण्यासाठी कुटुंब परिषदेला, म्हणजे मुलाचे आप्त आणि जवळची माणसे एकत्र बसून आराखडा ठरवतात त्या बैठकीला, अधिकृत स्थान दिले. मुलांना घरापासून तोडणाऱ्या सरकारी व्यवस्थेवर तिथल्या मूळनिवासी माओरी समाजाने घेतलेले आक्षेप त्यामागे होते. त्यामुळे या पद्धतीत आराखडा तज्ज्ञ नव्हे, तर आप्तपरिवार तयार करतो. हे साधायचे असेल, तर परिषद जुळवून आणणाऱ्या समन्वयकाचा बहुतेक वेळ बैठकीच्या तयारीत जायला हवा.

आधी माणसे शोधावीत. ‘तुमच्या जवळचे कोण?’ या प्रश्नाला फार थोडी नावे मिळतात. मूल आजारी पडल्यास कोणाला हाक मारता, उसने पैसे कोणाकडे मागता, मुले आपणहून कोणाच्या घरी जातात, असे विचारले की दुरावलेला काका आणि शेजारची आजीही यादीत येतात. यांतील प्रत्येकाला स्वतंत्रपणे भेटावे, कारण घरात मारहाण किंवा धाक असल्यास तो अशा एकांतातील भेटीतच कळण्याची शक्यता असते. तसे आढळल्यास सुरक्षिततेची व्यवस्था आधी करावी आणि पीडित व्यक्तीची इच्छा नसेल, तर परिषद घेऊच नये.

वेळ आणि जागा कुटुंबाच्या सोयीने ठरवावी. रोजंदारीवरच्या माणसाची एका बैठकीपायी दिवसाची मजुरी बुडते. त्याच्या गैरहजेरीची नोंद ‘अनास्था’ अशी करणे ही समाजकार्याच्या व्यवसायातील जुनी खोड आहे. प्रवासखर्च, जेवण आणि लहान मुलांना सांभाळणारे माणूस यांची तरतूद अंदाजपत्रकातच असावी.

बैठकीत समन्वयक आणि इतर सामाजिक कार्यकर्त्यांनी काळजीचे मुद्दे सोप्या भाषेत, कोणालाही दोष न देता मांडावेत, शंकांना उत्तरे द्यावीत आणि नंतर खोलीबाहेर जावे. हे बाहेर जाणेच अनेकांना जड जाते. मात्र समन्वयक समोर असेपर्यंत कुटुंब त्याला पटेल तेच बोलत राहते.

कौटुंबिक उपचाराचे, म्हणजे सगळ्या कुटुंबाला एकत्र घेऊन केलेल्या मानसोपचाराचे, काम याला जोडूनच चालते. या क्षेत्रातील उपचारतज्ज्ञ साल्वादोर मिनुचिन यांनी १९६० च्या दशकात न्यूयॉर्कमधील गरीब कुटुंबांसोबत काम करताना घरातील अधिकार आणि जबाबदाऱ्या यांच्या रचनेकडे लक्ष वेधले. आई दिवसभर कामावर असल्याने थोरली मुलगी भावंडांना सांभाळते, एवढ्यावरून त्या घराला सदोष ठरवू नये. मुलीला कोणते अधिकार दिले आहेत, ते भावंडांना माहीत आहेत का आणि आई परतल्यावर तिची त्यातून सुटका होते का, हे पाहावे.

आराखड्यात कोण, काय आणि केव्हापर्यंत करणार, हे कुटुंबाच्याच शब्दांत लिहावे. ‘आई मुलांकडे अधिक लक्ष देईल’ असे वाक्य स्वीकारू नये. संध्याकाळी मुलांजवळ कोण बसणार, त्याचे नाव हवे. रेशन, घरभाडे किंवा औषधोपचार यांबाबत संस्थेने दिलेली आश्वासनेही त्याच कागदावर तारखेसह नोंदवावीत आणि आढावा बैठकीत त्यांचा हिशेब आधी द्यावा.