कॅमेरा भाड्याने घेण्याआधी: म्युझिक व्हिडिओच्या तयारीतल्या या चुका टाळा

पुण्यात प्रोजेक्ट जमा करायची तारीख जवळ आली की माझ्या एडिटच्या टेबलापाशी हार्ड डिस्क घेऊन मुलं येऊ लागतात. कुणी मास कम्युनिकेशनची, कुणी इंजिनिअरिंगच्या आर्ट सर्कलची. पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "ताई, शूट भारी झालंय, फक्त गाण्यावर बसत नाहीये." फुटेज लावलं की ते का बसत नाही हे लगेच दिसतं, आणि त्याचं कारण एडिटमध्ये नसतंच. शूटच्या आधीच्या पंधरवड्यात सगळा ग्रुप कोणता कॅमेरा मिळेल, गिंबल (चालताना कॅमेरा स्थिर ठेवणारा दांडा) मिळेल का, ड्रोन कुणाकडे आहे याच्यामागे धावत होता आणि गाणं मात्र कुणी नीट बसून ऐकलं नव्हतं.

खानावळीचे पैसे वाचवून लेन्सचं भाडं भरणारी मुलं मी पाहिली आहेत. म्हणूनच त्याच त्या चुका पुन्हा पाहताना जीव तुटतो.

कच्च्या गाण्यावर शूट करणं

या एका चुकीवर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे, कारण ती नंतर दुरुस्त होत नाही.

काही वर्षांपूर्वी एक ग्रुप आला होता. गाणं त्यांच्याच मैत्रिणीचं. शब्द, चाल, आवाज, सगळं तिचं. ३ मिनिटं ४० सेकंदांचं, खरंच गोड गाणं. तिने घरी लॅपटॉपवर डेमो केला होता, लय मिनिटाला ९६ ठोक्यांची. कॅमेरा एकाच शनिवारी मिळत होता, म्हणून त्यांनी डेमोवरच शूट उरकलं. "फायनल नंतर येईल, चाल तर तीच आहे ना!" दोन आठवड्यांनी स्टुडिओत गाणं पक्कं झालं. अरेंजरला, म्हणजे वाद्यांची मांडणी करणाऱ्याला, लय सुस्त वाटली, त्याने ती १०० केली. गाणं जवळजवळ ९ सेकंदांनी आखूड झालं.

एवढंच असतं तर मी फुटेज चार टक्के पळवून निभावून नेलं असतं, तेवढा फरक सहसा डोळ्याला कळत नाही. पण स्टुडिओत ती मुलगी जास्त मोकळी गायली. दुसऱ्या अंतऱ्यात डेमोच्या वेळी जिथे तिने श्वास घेतला होता, तिथे आता ती सूर लांबवत होती. मुखड्यावर परत येताना एक हरकत, म्हणजे सुरांची छोटी वळणदार जागा, घेतली होती, ती डेमोत नव्हतीच. पडद्यावर ओठ मिटलेले आणि आवाज चालू. आम्ही तीन रात्री बसलो. शेवटी तिचे जवळचे सगळे शॉट काढले आणि पाठमोरे, लांबचे, हातांचे, ओढणीचे शॉट लावून गाणं भरलं. जिच्यासाठी व्हिडिओ केला तिचा चेहरा त्यात जेमतेम दिसतो. तिने तो पाहिला आणि "छान झालाय, ताई" म्हणाली. ते मला अजून बोचतं.

तेव्हापासून माझा नियम कडक आहे. गाण्याचं मिक्स, म्हणजे आवाज आणि वाद्यं यांची जुळणी, पूर्ण झाल्याशिवाय लिप-सिंकचा, म्हणजे गाण्यावर ओठ हलवण्याचा, एकही शॉट नाही. मास्टरिंग, म्हणजे त्यावरचा शेवटचा हात, मागाहून झालं तरी चालतं, कारण त्याने लांबी आणि गायकी बदलत नाही. मिक्सच्या फाइलच्या नावात तारीख घाला आणि जुन्या सगळ्या फाइली सगळ्यांच्या फोनमधून पुसून टाका, "कोणतं व्हर्जन?" हा प्रश्न सेटवर यायलाच नको. गाण्याच्या आधी चार ठोक्यांची टिकटिक जोडून घ्या, म्हणजे गायिकेला कधी तोंड उघडायचं ते कळतं आणि मला कुठून जोडायचं ते. आणि कॅमेरा या शनिवारीच मिळतोय, गाणं तयार नाही, असं असेल तर त्या शनिवारी ओठ न हलणारे शॉट घ्या. रस्ता, पाऊस, हात, नाच. तेही लागतातच.

गाणं कागदावर न उतरवणं

शॉट लिस्ट मागितली की मुलं फोनमधली नोट दाखवतात. 'मुलगी चालतेय, स्लो मोशन. सूर्यास्त. केस उडतात.' ही यादी कुठल्याही गाण्याखाली ठेवता येईल. त्यात हे गाणं कुठे आहे?

मी चौकटीची वही आडवी धरते. डावीकडे वेळ, मग शब्द, मग त्या ठिकाणी कोणतं वाद्य पुढे आहे, मग जागा, माणसं, कपडे. सुरुवातीचा पीस, मुखडा, मधला पीस, पहिला अंतरा, असं क्रमाने. बासरी कुठे शिरते, तबला कुठे थांबतो, सम (तालाची पहिली मात्रा) कुठे येते, हे कानाने पकडून लिहायचं. त्यासाठी गाणं वीसेक वेळा ऐकावं लागतं आणि ते ऐकायला कुणाला धीर नसतो. इंटरनेटवरून कोरा तक्ता उतरवून त्यात भराभर शब्द टाकणाऱ्यांचा कागद मी परत देते.

आता हिशेब बघा. ९६ च्या लयीत चार मात्रा अडीच सेकंदांत होतात. दर चार मात्रांनी शॉट बदलायचा म्हटलं तर २२० सेकंदांच्या गाण्याला ८८ शॉट लागतात. शूटचा दिवस १० तासांचा धरला आणि एक सेटअप (कॅमेऱ्याची एक जागा आणि तिथला लाइट) लावून घ्यायला अर्धा तास धरला, तर कागदावर २० सेटअप होतात. जेवण, प्रवास, कपडे बदलणं, "थांब, मेकअप नीट करते" हे सगळं वजा करा. नवख्या ग्रुपचे १२ सेटअप झाले तरी मी खूश असते. म्हणजे प्रत्येक सेटअपमधून सात-आठ वापरता येतील असे तुकडे निघायला हवेत. हे आकडे आधी मांडले की मुलं आपणहून पाच लोकेशनची दोन करतात. मला त्यांना समजवावं लागत नाही. आधी गायिकेचं अख्खं गाणं एकाच जागी लांबून, मध्यम आणि जवळून घेऊन टाका. बाकी काहीही फसलं तरी गाणं उभं राहतं.

स्लो मोशनची हौस सगळ्यांना असते. त्यात गाणारा चेहरा हवा असेल तर तयारी घरून लागते. एडिटमध्ये सेकंदाला २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर ५० फ्रेमने शूट करायचं म्हणजे सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं आणि गायिकेने त्या वेगाने ओठ हलवायचे. मग पडद्यावर हालचाल संथ आणि ओठ बरोबर. दुप्पट वेगाची फाइल आधी तयार हवी आणि गायिकेची निदान दोन दिवसांची तालीम. सेटवर आयत्या वेळी "जरा फास्ट गा ना" म्हणून ते होत नाही.

तिने खरंच मोठ्याने गायचं, हेही तालमीतच ठरवा. नुसते ओठ हलवले की गळ्याच्या शिरा ताणत नाहीत, छाती भरत नाही, आणि बघणाऱ्याला खोटं वाटतं.

रेकी म्हणजे फोटो काढून येणं नव्हे

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका ग्रुपने डेक्कनजवळच्या नदीपात्रात रेकी, म्हणजे शूटच्या जागेची आधीची पाहणी, केली. कोरडं पात्र, भिडे पुलावर तिरका पडलेला उजेड, फोटो सुंदर आले. शूट ठेवलं जुलैअखेरच्या रविवारी. खडकवासला धरणातून मुठेत जास्त पाणी सोडलं की भिडे पूल आणि नदीपात्रातला रस्ता बंद होतो, हे पुणेकरांना पाठ असतं. पण ही मुलं लातूर, धुळे, नांदेडकडून आलेली. त्यांना माहीत नव्हतं यात त्यांचा दोष नाही. त्यांनी तिथल्या कुणालाच विचारलं नाही, हा दोष. सकाळी सहाला भाड्याचा कॅमेरा, लाइट आणि नटून-थटून आलेल्या दोन नाचणाऱ्या मुली बॅरिकेडसमोर उभ्या.

मग धावपळ करून नदीकाठीच थोडी उंचावर जागा शोधली. दुपार पावसात गेली. संध्याकाळी उघडलं, तर ढोल-ताशा पथकाचा सराव सुरू झाला. गणपतीच्या आधीचे ते आठवडे, नदीकाठ पथकांचाच असतो. स्पीकर कितीही मोठा केला तरी गायिकेला गाण्याचा एक शब्द ऐकू येईना. त्या दिवशीचे चारच शॉट कामाला आले.

म्हणून माझी सवय अशी: ज्या वारी आणि ज्या वेळेला शूट आहे, त्याच वारी त्याच वेळेला जागेवर जायचं आणि तासभर बसायचं. फोटो नंतर. आधी चहाच्या टपरीवाल्याशी, वॉचमन काकांशी बोलायचं. "इथे रविवारी काय असतं?" एवढं विचारलं तरी पुष्कळ कळतं. शूट पावसाळ्यात असेल तर आदल्या संध्याकाळी धरणातल्या विसर्गाची बातमी बघायची. दुसरी, छप्पर असलेली जागा आधीच ठरवून तिथल्या मालकाशी बोलून ठेवायचं. पुण्यात डिसेंबरमध्ये सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, जूनमध्ये सातनंतर. पश्चिमेला टेकडी किंवा इमारत असेल तर ऊन त्याच्याही बरंच आधी जातं, ते डोळ्यांनी बघून वहीत लिहा. प्लगपॉइंट कुठे आहे ते बघा. मुलींना कपडे कुठे बदलता येतील आणि स्वच्छतागृह कुठे आहे, हे ज्याच्या यादीत नाही त्याची रेकी मी झालेली धरत नाही.

परवानगी नंतर बघू म्हणणं

"फोनवरच तर घेतोय" हे कुठेही चालत नाही. शनिवारवाडा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीत आहे, तिथे चित्रीकरणाला आधी लेखी परवानगी लागते. महापालिकेच्या बागा, रेल्वेचे फलाट, प्रत्येकाचं कार्यालय वेगळं. कॉलेजच्या लेटरहेडवरचं पत्र आणि स्थानिक पोलीस ठाण्यात दिलेल्या अर्जाची पोच, हे दोन कागद फाइलमध्ये असू द्या. ड्रोनचा हट्ट असेल तर २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला पायलटचा परवाना लागत नाही हे खरं, पण रेड झोनमध्ये, म्हणजे लष्करी तळांसारख्या संवेदनशील भागात, तोही परवानगीशिवाय उडवता येत नाही. लोहगावला हवाई दलाचा तळ आहे, खडकवासल्याला एनडीए ही लष्करी प्रबोधिनी आहे. आधी 'डिजिटल स्काय' या सरकारी साइटवरचा ड्रोनसाठीचा नकाशा उघडा.

गाण्याचे हक्कही इथेच बघायचे. शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग यांचे हक्क वेगवेगळे असतात. जुनं भावगीत तुम्ही स्वतः गायलात म्हणून फक्त रेकॉर्डिंगचा प्रश्न मिटतो. शब्द आणि चालीचा हक्क कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. तुकाराम महाराजांच्या अभंगाचे शब्द सगळ्यांचे आहेत, पण तुमच्या कानात बसलेली चाल एखाद्या अलीकडच्या संगीतकाराची असू शकते. मैत्रिणीचं गाणं घेतलंत तरी तिच्याकडून एका कागदावर सही घ्या. मैत्री असतानाच घ्या.

थोडक्यात, पण याही चुका नेहमीच्याच

फोनवर ३० फ्रेमने शूट करू नका. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब किंवा स्वस्त एलईडीखाली पट्टे सरकतात. २५ फ्रेम आणि १/५० सेकंदाचं शटर ठेवा.

फोनचा नेहमीचा कॅमेरा फ्रेमरेट कमी-जास्त करत राहतो आणि शेवटच्या अंतऱ्यापर्यंत ओठ सरकतात. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे फुकट ॲप वापरून फ्रेमरेट पक्का करा.

गायिका स्पीकरपासून ३४ मीटर लांब असेल तर आवाज तिच्यापर्यंत पोचायला सेकंदाचा दहावा भाग लागतो, म्हणजे अडीच फ्रेम. लांबच्या शॉटला आपोआप होणाऱ्या सिंकवर विसंबू नका, ओठ बघून जुळवा.

बारीक रेघांचा शर्ट नको, कॅमेऱ्यात तो थरथरतो.

दिग्दर्शक, कॅमेरामन आणि हीरो एकच मुलगा, असं करू नका. घड्याळ बघणारा एक माणूस वेगळा ठेवा आणि त्याचं ऐका.

जेवणाचे पैसे बजेटमध्ये पहिल्या ओळीत लिहा. उपाशी माणसं दुपारी तीननंतर कामाला येत नाहीत.

आणि कार्ड. १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) शूट केलं तर तासाला ४५ जीबी भरतात. ६४ जीबीचं एक कार्ड घेऊन गेलेला ग्रुप दुपारी लॅपटॉप शोधत फिरतो. दोन कार्डं, दोन डिस्क, आणि कॉपी कोण करणार त्याचं नाव कॉल शीटवर, म्हणजे कुणी कधी काय करायचं त्या कागदावर. दोन्ही डिस्कवरची प्रत्येक क्लिप उघडून शेवटापर्यंत चालते का ते बघा, मगच कार्ड रिकामं करा. कॅमेरा परत करायची वेळ सकाळी नऊची असेल तर हे काम रात्रीच करावं लागतं, तेव्हा त्या मुलाला दिवसभर दुसरं जड काम देऊ नका.