नाइट सफारीला जाताय? मग आधी यीशूनच्या मावशीचं ऐका

मे महिन्याची सुट्टी लागली की पुण्या-नाशकाकडून आमच्याकडे पाहुण्यांची रीघ लागते, आणि सगळ्यांच्या यादीत सिंगापूरची नाइट सफारी, म्हणजे रात्री उघडणारी प्राणिबाग, असतेच. मी राहते सिंगापुरातच, यीशूनला. मंडाई भागातल्या प्राणिबागांची शटल बस सुटते ते खातिब स्टेशन आमच्या पुढचंच. त्यामुळे सूचना देण्याचं खातं आपोआप माझ्याकडे आलं आहे. यातलं अर्धं पाहुणे ऐकत नाहीत, म्हणून एकदाचं लिहूनच काढते.

आधी दिवस ठरवा. मुंबईहून रात्रीच्या विमानाने सकाळी उतरलात, तर त्या दिवशी जाऊ नका. बागेत फिरवणाऱ्या ट्रॅममध्ये बसल्याबसल्या पेंगाल. दुसऱ्या संध्याकाळी मात्र जरूर जा, कारण सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. इथे रात्रीचे अकरा वाजतात तेव्हा तुमच्या मुलांच्या पोटातल्या घड्याळात साडेआठच झालेले असतात. आठवडाभर राहून इथल्या वेळेची सवय झाली की हा फायदा गेला. आणि दिवसा झू, रात्री सफारी असा बेत तर करूच नका. एकत्र तिकीट स्वस्त पडतं हे खरं, पण झू सहाला बंद होतं, तोवर पायांचे तुकडे पडलेले असतात आणि खरं चालायचं असतं ते रात्री.

तिकीट ऑनलाइनच काढा. आत शिरायची वेळ तेव्हाच निवडावी लागते. सगळे सव्वासातची पहिली वेळ घेतात. मी सव्वाआठ किंवा त्यानंतरची सुचवते. विषुववृत्त इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे सूर्य वर्षभर सातच्या आसपासच मावळतो, पण सव्वासातला आभाळ पुरतं काळं झालेलं नसतं आणि गर्दी मात्र पुरती झालेली असते. बाग बारापर्यंत उघडी असते, शेवटचा प्रवेश सव्वाअकराला. तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही.

जेवून जा. आत खायला मिळतं, पण शाकाहारी माणसाने महागाच्या पदार्थावर बोट ठेवून ‘यात काय आहे’ विचारत बसण्यापेक्षा लिटल इंडियात सहालाच डोसा खावा. तिथून धोबी घाट स्टेशनला गाडी बदलली की सरळ खातिब.

आता मुख्य गोष्ट. आत गेल्यावर सगळी गर्दी ट्रॅमच्या रांगेकडे धावते. धावू दे. तुम्ही आधी पायवाटा धरा. आपले बहुतेक पाहुणे चाळीस मिनिटांची ट्रॅम फिरतात, दुकानातून वाघाचं सॉफ्ट टॉय घेतात आणि ‘छान होतं, पण अंधार फार’ म्हणत परत येतात. ट्रॅममधून दिसतं ते मोठं आणि लांबचं. जवळचं, लहान, खरोखर निशाचर असलेलं सगळं पायवाटांवर आहे.

अंधाराचं म्हणाल, तर तो डोळ्यांनी शिकायचा असतो. उजेडातून आलेल्या डोळ्याला अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि मध्येच मोबाइल उघडून पाहिलात की सगळं पहिल्यापासून. म्हणून फोन पर्समध्ये. फ्लॅश मारायला बंदी आहेच, आणि फ्लॅशशिवाय तुमच्या फोटोत काळं आभाळ नि दोन ठिपके येणार. इथली प्रकाशयोजना सायमन कॉर्डर या ब्रिटिश रंगभूमीवरच्या प्रकाशयोजनाकाराने केली. दिवे चांदण्यासारखे मंद ठेवलेत, म्हणजे प्राणी आपले उद्योग चालू ठेवतात. 1994 साली ही बाग उघडली तेव्हा खास रात्रीसाठी बांधलेली अशी प्राणिबाग जगात दुसरी नव्हती.

माझी आवडती वाट फिशिंग कॅट ट्रेल. एखादाच कोपरा निवडून दहा मिनिटं नुसतं उभं राहायची तयारी ठेवा. मासे पकडणारी ही रानमांजर आपल्या महाराष्ट्रात नाही, सुंदरबन आणि चिलिकाकडे आहे. घरच्या मांजरीहून चांगली थोराड. पाण्याच्या काठाशी दबकून बसते, एकटक बघते आणि पुढच्या पंजाने पाण्यावर हलकेच टिचकी मारते. मग पुन्हा स्तब्ध. माणसं इथे अर्धं मिनिट थांबतात, ‘झोपलंय वाटतं’ म्हणून निघतात, आणि पाठीमागे ती खुशाल पाण्यात उतरते.

त्याच वाटेवर बिंटुराँग आहे. काळं, झिपरं, जाड शेपटीचं, उदमांजराच्या कुळातलं. दिसलं नाही तरी वास घ्या. गरम लाह्यांचा वास येतो, चेष्टा नाही. त्याच्या मूत्रात जे द्रव्य असतं तेच लाह्यांत आणि आपल्या आंबेमोहोर तांदळातही असतं. माझ्या जाऊबाईंना हे सांगितल्यापासून आंबेमोहोराचा कुकर लावताना त्या माझ्या नावाने बोटं मोडतात. खवल्या मांजरही शोधा. कोकणात जन्म काढलेल्यांनीही ते जिवंत पाहिलेलं नसतं.

लेपर्ड ट्रेलवर बिबट्या काचेपलीकडे अगदी समोर येतो. मुलांना काचेवर टकटक करू देऊ नका. आणि ‘अगं ते बघ, ते बघ!’ हा आपला राष्ट्रीय आवाज जरा खाली ठेवा. तुमच्या मागच्या दहा माणसांनाही तो बिबट्या बघायचा असतो.

ट्रॅम साधारण दहाच्या सुमाराला घ्या, रांग ओसरलेली असते. एकशिंगी गेंडा, आशियाई सिंह, अस्वल, तरस अशी बरीच आपल्याकडची मंडळी भेटतात. हरणं तर इतकी जवळ येतात की हात लावावासा वाटेल. लावू नका. मध्ये कुंपण दिसत नाही, कारण खंदक आणि ओढे झाडीत लपवलेत. सोबत गुडघेदुखीच्या आजी असतील तर माझा सगळा क्रम उलटा: आधी ट्रॅम, मग जमेल तेवढी फिशिंग कॅट ट्रेल, बाकी सोडून द्या. लहान मुलं असतील तर वीसेक मिनिटांचा प्राण्यांचा कार्यक्रमही बघा, फक्त त्याची जागा ऑनलाइन राखावी लागते. मोठ्यांनी चुकवला तरी काही बिघडत नाही.

पाऊस इथे कधीही येतो. छत्रीपेक्षा पातळ रेनकोट बरा, कारण पायवाटेवर छत्र्या एकमेकींना अडतात. जोराच्या सरीत कार्यक्रम रद्द होऊ शकतो, ट्रॅमला मात्र छप्पर आहे. पायात बूट, अंगात सुती कपडे, उघड्या हातापायांना डासांचं मलम. जरीचं काही नको.

परतीचं मात्र आधीच ठरवून ठेवा. साडेअकरानंतर ट्रेनच्या भरवशावर राहू नका. बारा वाजले की मीटरच्या टॅक्सीला पन्नास टक्के जादा लागतात, आणि नेमकी तेव्हाच सगळी बाग बाहेर पडते. साडेअकरापूर्वी टॅक्सीच्या रांगेत उभे राहा. माझ्याकडे उतरला असाल तर दहीभात फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात आहे, लोणचं शेजारी. वाढून घ्या, मला उठवू नका.