सचिव मॅडम, तुम्ही कोणाच्या? : नव्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसाठी अनुभवाचं थोडं

जिल्हा परिषदेच्या भरतीतून नेमणूक मिळालेली मुलंमुली फोन करून विचारतात, ‘मॅडम, आधी काय वाचू?’ १९५८ चा महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, लेखासंहिता, नोंदवह्यांचे नमुना १ ते ३३ हे तुम्ही वाचालच, परीक्षेसाठी बरंच वाचूनही झालं असेल. २०२४ मध्ये ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदं एक होऊन ‘ग्रामपंचायत अधिकारी’ हे नाव आलं, तेही ठाऊक असेल. आमच्या वर्धा-यवतमाळकडे लोक तरीही ‘सचिव’च म्हणतात आणि तुम्ही निवृत्त होईपर्यंत म्हणत राहतील. मी लिहिते आहे ते दप्तरात सापडत नाही. गावात मान कोणाचा, कोण कोणाला बांधलेला आणि या गुंत्यात तुमची सही नेमकी कुठे अडकते, ते.

रुजू झाल्यावर पहिल्या दोन-चार दिवसांतच कोणीतरी सहज विचारतं, ‘मॅडम, तुमचं गाव कोन्तं?’ त्यात साधी चौकशी असते, असं समजू नका. तासाभरात तुमच्या मामसासऱ्यांचे व्याही त्यांच्या चुलतभावाचे सोयरे निघतात आणि तुम्ही एका गटाच्या होऊन जाता. दुसऱ्या गटाला संध्याकाळपर्यंत ते कळलेलं असतं. मग थेट प्रश्न येतो, ‘तुम्ही आपल्याइच्या का त्याइच्या?’ यावर हसून ‘मी शासनाची’ म्हणण्यात अर्थ नाही, त्या उत्तरावर गावात कोणाचाच विश्वास नसतो. उत्तर वागण्यातून द्यावं लागतं. माझा नेम असा: चहा पंचायतीतच, शिपायानं आणलेला. तेरवीला सगळ्यांकडे जायचं, मग तो वाडा असो की टोलीवरचं घर. वाढदिवस, वास्तू, गाडीची पूजा यांना कोणाकडेच नाही. दुःखाला गेलेला माणूस कोणाच्या गटाचा ठरत नाही आणि न गेलेला मात्र जन्मभर लक्षात राहतो.

मान द्यायला कंजुषी करू नका. त्यात आपलं काही जात नाही. म्हाताऱ्या माजी सरपंचाला खुर्ची द्या, ‘काकाजी’ म्हणा, त्यांनी बांधलेल्या विहिरीची गोष्ट पुन्हा एकदा ऐका. फक्त मान आणि ठराव यांची गल्लत होऊ देऊ नका. पोळ्याचंच घ्या. आमच्याकडे मालगुजारी १९५१ ला गेली, वऱ्हाडात पाटीलकी १९६२ च्या कायद्यानं संपली, पण तोरणाखाली पहिली बैलजोडी कोणाची, हा प्रश्न दरवर्षी जिवंत होतो. एका गावात तरुण पोरांनी ग्रामसभेत विषय आणला की मान पाळीपाळीनं द्यावा आणि तसा ठराव लिहावा. वाड्याची माणसं म्हणाली, मान आमचाच, असा ठराव लिहा. दोन्ही बाजूंना माझ्या हातून कागद हवा होता. मी पोलीस पाटील आणि तंटामुक्त समितीच्या अध्यक्षांना बोलावलं आणि इतिवृत्तात एवढंच लिहिलं की विषय पंचायतीच्या अधिकारात बसत नाही. त्या वर्षी पोळ्याला ठाणेदार स्वतः उभे होते. भांडण मिटलं नाही, पण ते पंचायतीच्या वहीतही शिरलं नाही.

मात्र मानाच्या नावाखाली कोणाची चक्की, किराणा किंवा पाणी बंद करायची भाषा झाली, तर तिथे तटस्थ राहायचं नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याच दिवशी पोलिसांना आणि तहसीलला लेखी कळवा आणि पोच घ्या.

आता सरपंचपदाकडे येते, कारण नव्या माणसाची खरी परीक्षा इथे होते. २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या. सरपंच थेट गावानं निवडायचा हे २०१७ ला आलं, २०२० ला गेलं, २०२२ ला परत आलं. पदाचं आरक्षण सोडतीनं ठरतं. सोडतीत अनुसूचित जमातीची महिला निघाली की गावातले मोठे कास्तकार काय करतात? आपल्या सालगड्याच्या बायकोला उभं करतात. मी काम केलेल्या एका गावात नेमकं हेच झालं होतं. तिचे दाखले मालकानं काढून दिले, जात पडताळणीचे हेलपाटे मालकाच्या गाडीनं, प्रचाराचा खर्च मालकाचा. बाई निवडून आल्या, आणि डिजिटल सहीचं डोंगल मालकाच्या कपाटात गेलं.

तुम्हाला माहीत आहे, वित्त आयोगाचा पैसा आता चेकनं निघत नाही. देयक आपण तयार करायचं आणि सरपंचानं आपल्या डोंगलनं मंजूर करायचं. म्हणजे ज्याच्या हातात डोंगल, तो सरपंच. मी बाईंना विचारलं, तर त्या पदर सारखा करत म्हणाल्या, ‘ते तं पाटलाच्या कपाटात हाय. मोबाईल नंबरबी त्याइच्या पुतन्याचा हाय.’ मी म्हटलं, मागून आणा, नाहीतर मी वरती कळवते. त्यावर त्या जे बोलल्या ते कोणत्याही प्रशिक्षणात सांगत नाहीत. ‘मॅडम, माह्या पोराले रातच्या रातीतून यवतमाळले त्याइनंच नेलं व्हतं. अन् घरवाल्याची उचल हाय त्याइच्याकडे. पाडव्यापर्यंत थांबा.’

हे नीट समजून घ्या. सालगड्याचं साल गुढीपाडव्याला सुरू होतं आणि पाडव्यालाच संपतं. मधे सोडलं तर उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, अंगावर. बाईंचा नवरा त्या सालभर बांधलेला होता, म्हणून बाईही बांधलेल्या. त्यात भर म्हणजे उपकार खोटे नव्हते. पोराचा जीव खरंच त्या गाडीनं वाचला होता. बाहेरून आलेल्या आपल्यासारख्याला हे फक्त शोषण दिसतं, आणि ते आहेच, पण बाईंच्या मनात त्याला ‘खाल्ल्या मिठाला जागणं’ म्हणतात. अशा वेळी तुम्ही तावातावानं डोंगल मागितलं, तर तुमचं काही बिघडत नाही. फार तर तुमची तक्रार होते. पण पाटील उचल मागतो सालगड्याला. म्हणून माझा आग्रह आहे, कुणाच्या हक्कासाठी भांडायच्या आधी त्या माणसाला एकटं गाठून विचारा, याची किंमत तुम्हाला किती पडेल आणि कधी परवडेल.

आम्ही थांबलो, पण हातावर हात ठेवून नाही. मी एक पद्धत पाडली. देयकं सोमवारी, अकरा वाजता, सरपंचबाई समोर बसलेल्या असतील तरच. डोंगल पाटील घेऊन येवोत की पुतण्या, माझी ना नाही, पण प्रत्येक देयक मी बाईंना मोठ्यानं वाचून दाखवीन, कोणाचं, कशाचं, किती रुपयांचं. पाटील पहिल्या सोमवारी हसले. पुढे पुढे त्यांना तासभर बसणं जड जायला लागलं. बाई मात्र मुरमाच्या ट्रॉल्या मोजायला लागल्या. एकदा त्या म्हणाल्या, ‘नऊ ट्रॉल्या पडल्या व्हत्या, इथं बारा काहून हाय?’ पाटलासमोर, आणि तेही मान खाली घालून. ते देयक त्या दिवशी थांबलं.

पाडव्याला नवऱ्यानं साल बदललं. नव्या मालकानं जुनी उचल फेडली, म्हणजे एका दावणीतून दुसऱ्या दावणीत, याबद्दल मला भ्रम नव्हता. पण तो मालक दुसऱ्या गावचा होता आणि त्याला आमच्या मुरमात रस नव्हता. त्याच आठवड्यात बाईंनी स्वतःचा नंबर नोंदवायचा अर्ज दिला. पाटलांकडच्या लग्नाला त्या पुढेही कामाला गेल्या. मला तेव्हा त्याचा राग आला होता, आता येत नाही. पती किंवा नातेवाईकांनी सरपंचाच्या खुर्चीत बसू नये अशी शासनाची परिपत्रकं आहेत, ती भिंतीवर लावा. पण परिपत्रकानं उचल फिटत नाही.

घरातल्या भांडणांचं थोडक्यात सांगते. बाप गेला की भाऊ नमुना ८ वर नावं चढवायला येतात आणि अर्जात बहिणीचं नाव नसतं. विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘आमची बहीण तशी नाही.’ म्हणजे हिस्सा मागणारी ती ‘तशी’. नमुना ८ हा कराचा कागद आहे, त्यानं मालकी ठरत नाही, हे दोन्ही बाजूंना सांगा. पण त्यावरून गाव मालकी धरतं, म्हणून वारस सगळे लिहा. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की दुरुस्ती लागू झाली तेव्हा बाप हयात असण्याची अट नाही. साध्या कागदावरचं हक्कसोड चालत नाही, नोंदणीकृत लागतं. बहिणीला उपदेश करू नका. तिला माहेर तुटायचं भय असतं आणि ते भय वेडगळ नाही. एवढंच सांगा की आज सही करायची घाई नाही.

प्रेमाच्या प्रकरणात मात्र घाई असते. ग्रामीण भागात विवाह नोंदणी आपल्याकडे आहे, १९९८ च्या कायद्यानं, लग्नापासून नव्वद दिवसांत. वयाचे पुरावे, तीन साक्षीदार, कागद पुरे असले की नोंद करायची. मुलगी एकवीस वर्षांची, मुलगा दुसऱ्या जातीचा, देवळात माळा घालून आलेले आणि बाहेर मुलीचे काका मोटरसायकली लावून उभे, असं दृश्य तुमच्या वाट्याला येईलच. कोणी म्हणेल, ‘मॅडम, तुम्ही पोरीच्या बापाले एक फोन तं करा, तुमच्याबी घरी लेक असन.’ करू नका. सज्ञानांच्या लग्नाला आईबापाची संमती लागत नाही आणि तुमचा एक फोन कोणाच्या जिवावर बेतू शकतो. अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष असावा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सांगितलं आहे, पोलीस अधीक्षक कार्यालयाचा नंबर त्यांच्या हातात द्या. लग्न व्हायचं असेल आणि ते १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली करणार असतील, तर तीस दिवसांची नोटीस फलकावर लागते आणि बातमी गावात पोचते, हे आधीच सांगून ठेवा. आंतरजातीय विवाहाचे पन्नास हजार जिल्हा परिषदेच्या समाजकल्याणकडून मिळतात, ते नंतरचं.

उलटी बाजूही आहे. नववीतली मुलगी कोणा मुलाशी बोलताना दिसली, की ‘इज्जत जाईल’ म्हणून तूर विकल्यावर तिचं लग्न ठरतं. गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तुम्हीच आहात. खबर बहुतेक अंगणवाडीताईंकडून येते. त्यांना त्याच गावात राहायचं असतं, म्हणून त्यांचं नाव कधीच, अगदी रागाच्या भरातही, तोंडातून निघू देऊ नका. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरवरून जन्मतारीख काढा, १०९८ या बालमदत क्रमांकावर कळवा, आणि मंडप पडायच्या आधी जा. मंडप पडल्यावर बापासाठी प्रश्न मुलीच्या वयाचा राहत नाही, बोलावलेल्या सोयऱ्यांसमोर मान खाली जाण्याचा होतो. आधी गेलात तर तो ‘साखरपुडाच होता’ म्हणून सुटतो. त्याला तशी वाट ठेवा.

ज्याला तुम्ही नाही म्हणाल, तो माहिती अधिकारात अर्ज टाकेल. तीस दिवस आहेत, विसाव्या दिवशीच द्या, पानांना क्रमांक घालून. अर्ज टाकणाऱ्याशी अबोला धरू नका, तोच पुढच्या वेळी सरपंच असू शकतो.

बदलीचा आदेश आला की दोन्ही गट वेगवेगळा निरोप समारंभ ठेवतील. पंचायतीतला एकच घ्या, शाल-श्रीफळाचा. चार्जची यादी दोन दिवस आधी करा, रोकडवही, इतिवृत्त, नमुना ८ आणि ९, शिक्के, अपूर्ण कामांची मोजमापं. नव्या माणसासमोर ती सरपंचबाईंना वाचून दाखवा आणि मग सह्या घ्या.