महाडीबीटीवर मंजूर, खात्यात मात्र शून्य

आमी फासेपारधी, म्हणजे एसटी. धाकटी बहीण सोलापूरला बीएस्सी करते. तिचा पोस्ट मॅट्रिक (दहावीनंतरच्या) स्कॉलरशिपचा फॉर्म महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या योजनांच्या साईटवर भरलेला, उत्पन्न अडीच लाखाच्या आत असल्याचा दाखला, जातीचा दाखला सगळं ओके, स्टेटस पण मंजूर दाखवत होतं पण पैसे काय येईनात. कॉलेजात विचारलं की बँकेत जा, बँकेत गेलो की आधार लिंक आहे म्हणतेत, दोन महिने असंच सात रस्ता चौकातून हेलपाटे.

शेवटी नेट कॅफेवाल्या दादानं खरी गोम सांगितली. आधार लिंक वेगळं आणि डीबीटीसाठीचं सीडिंग, म्हणजे सरकारी पैसे थेट कुठल्या खात्यात यायचे ते आधारला जोडणं, वेगळं बघा! सीडिंग एका वेळी एकाच खात्याला असतं, आणि सरकारी पैसे तिथंच जातात, फॉर्मात कुठला पण नंबर टाका. माय आधारच्या साईटवर ओटीपी टाकून बँक सीडिंग स्टेटस बघितलं तर गावाकडं शाळेत असताना काढलेलं जुनं खातं निघालं, ते कधीच बंद पडलेलं.

मग चालू खात्याच्या बँकेत सीडिंगचा फॉर्म सही करून दिला, पोचपावती मागूनच घेतली (न मागता देत नाहीत हो). आठवड्यानं स्टेटसमध्ये नवी बँक अॅक्टिव्ह दिसली, ती प्रिंट कॉलेजच्या क्लार्कला दिली, पुढच्या महिन्यात पहिला हप्ता जमा.

आता हॉस्टेलला नंबर लागला नाही म्हणून स्वयंम योजनेचा (हॉस्टेल न मिळालेल्या एसटी पोरांना राहण्या-जेवणाचे पैसे देणारी योजना) फॉर्म भरायलोय.