दिवसभराची नोंद एक दिवस आधी दिसते तेव्हा

वाढदिवस, सुट्टी, उपवास अशा गोष्टी कॅलेंडरमध्ये टाकताना 'पूर्ण दिवस' हा पर्याय निवडा. रात्री १२ ते रात्री १२ अशी वेळ भरू नका. पडद्यावर दोन्ही सारख्याच वाटतात, पण आत फार फरक असतो. बहुतेक कॅलेंडरमध्ये पूर्ण दिवसाच्या नोंदीत फक्त तारीख साठवली जाते, टाइम झोन नसतो. त्यामुळे १४ जानेवारी जगात कुठेही १४ जानेवारीच राहते. वेळ भरलेली नोंद मात्र एका ठरावीक क्षणाला बांधलेली असते. लंडनमध्ये १४ तारखेच्या मध्यरात्री सुरू होणारी नोंद न्यूयॉर्कमध्ये १३ तारखेच्या संध्याकाळी ७ वाजता सुरू झालेली दिसते. नोंद एक दिवस मागे सरकल्याच्या तक्रारीमागे बहुतेकदा हेच असतं.

याउलट अर्जाच्या अंतिम मुदतीसाठी पूर्ण दिवस नकोच. तिथे नेमका क्षण महत्त्वाचा, म्हणून वेळ आणि आयोजकांचा टाइम झोन दोन्ही भरा.

कॅलेंडरची फाइल हाताने बनवत असाल तर आणखी एक: आयकॅलेंडर या कॅलेंडर-फाइलच्या प्रकाराच्या मानकात (आरएफसी ५५४५, २००९) शेवटची तारीख नोंदीत धरली जात नाही. १४ ते १६ अशी तीन दिवसांची सहल असेल, तर शेवट १७ लिहायचा.