ऑर्गनच्या आत जाण्याआधी थर्मामीटर बघा

मी मिरजेचा. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा मिळवताना त्यांच्यातली थरथर हळूहळू विरत जाते, ते लहानपणापासून ऐकत आलो. त्यामुळे आपला कान तयार आहे असं मला वाटायचं. नोकरीसाठी इंग्लंडला आलो तेव्हा गावातल्या टाउन हॉलच्या पाइप ऑर्गनला मदतनीस हवा आहे असं कळलं आणि मी गेलो. पहिली दोन वर्षं एकच काम केलं: कन्सोलवर, म्हणजे वादकाच्या जागी, बसायचं आणि ट्यूनर (सूर लावणारा माणूस) आतून सांगेल तशी एकेक पट्टी दाबून धरायची. "पुढची." "पुढची." तासन्‌तास. या कामाला की-होल्डर म्हणतात. ते कंटाळवाणं आहे आणि थंडीत बोटं आखडतात. तरीही ते टाळू नका. कान तिथेच घडतो.

स्टॉप म्हणजे ओढली की पाइपांची एक रांग बोलते ती खुंटी. पेडल, भाता, विंडचेस्ट (पाइपांखालची हवेची पेटी) हे तुम्हाला माहीत असेल असं धरून चालतो. मी ज्यात फसलो तेवढंच सविस्तर सांगतो.

आपल्या पेटीत सगळे सूर धातूच्या रीडमधून येतात, म्हणून ती एकदा लावली की बरीच वर्षं एकसारखी वागते. ऑर्गनमध्ये मात्र दोन घराणी शेजारी नांदतात. फ्लू पाइप बासरीसारखा असतो, त्यात हवेचा खांब बोलतो. रीड पाइपात पितळी जीभ बोलते. हवा तापली की तिच्यातून ध्वनी जास्त वेगाने जातो आणि फ्लू पाइप चढतो. एका अंशाला साधारण ३ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग), म्हणजे ४४० हर्ट्झचा सूर पाऊण हर्ट्झने वर जातो. पितळी जीभ त्या मानाने जवळजवळ जागची हलत नाही.

जानेवारीतली गोष्ट. शनिवार-रविवार हॉलचं हीटिंग बंद होतं. सोमवारी सकाळी आत १३ अंश होते आणि संध्याकाळी कार्यक्रम होता. माझे वरिष्ठ यायचे होते, पण मी आधीच ट्रंपेट नावाचा रीडचा स्टॉप ओढून बघितला. तो सगळा चढलेला वाटला. मी ट्यूनिंग नाइफ (तार ठोकायची सुरी) घेतली, आत गेलो आणि जिभेवर टेकलेली एकेक तार वर ठोकत ६१ पाइप उतरवले. तार वर गेली की जिभेचा मोकळा भाग लांबतो आणि सूर उतरतो. तीन तास लागले. थरथर पूर्ण थांबली आणि मला फार समाधान वाटलं. संध्याकाळी प्रेक्षक भरले, पारा २० अंशांवर गेला, हजारो फ्लू पाइप मिळून वर सरकले आणि माझा ट्रंपेट खाली राहिला. मधल्या सप्तकात सेकंदाला पाच-पाच ठोके, म्हणजे तीच थरथर, पडत होते. वादकाने पहिल्या तुकड्यानंतर तो स्टॉप कार्यक्रमभर पुन्हा ओढलाच नाही. मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. ते आठवलं की अजून पोटात कालवतं.

पुन्हा सांगतो, कारण नवा माणूस इथेच चुकतो. सकाळी ट्रंपेट चढलेला नव्हता. फ्लू उतरले होते. बिघडलेला ऐकू येतो रीड, हललेले असतात बाकीचे सगळे. कार्यक्रमाला हॉल जितका गरम असतो तितका तो होईपर्यंत रीडला हात लावू नका. कुणी घाई केली तरी लावू नका.

आणि हॉल तापला म्हणजे ऑर्गन तापला असंही नाही. वरच्या मजल्यावरचे पाइप आधी तापतात. स्वेल बॉक्सची (काही पाइप ज्यात बंद असतात त्या खोक्याची) दारं मिटलेली राहिली तर आतली हवा मागे राहते, म्हणून वादन संपलं की ती उघडी ठेवून जायचं. आपलं अंगही गरम असतं. आत गेल्यावर थोडं थांबा. पाइप बोटांनी धरू नका, धरलेला पाइप चढतो आणि सोडला की परत येतो. त्यातून पाइपांच्या धातूत शिसं असतं, तेव्हा जेवणाआधी हात धुवा.

फोनवरच्या ट्यूनिंग अ‍ॅपबद्दल माझं मत कडक आहे: वापरू नका. अ‍ॅप ४४० दाखवतं. त्या दिवशी त्या हवेत तो ऑर्गन कुठे आहे ते दाखवत नाही. इथे ग्रेटच्या, म्हणजे मुख्य विभागाच्या, चार फुटी प्रिन्सिपल या फ्लू रांगेवर सप्तक बसवतात आणि बाकी सगळं त्याच्याशी कानाने मिळवतात. गुरूबद्दलही एक सांगतो. पहिल्या महिन्यात जो तुमच्या हातात कोन (पाइपाच्या टोकावर ठोकून सूर लावायचा धातूचा शंकू) देतो त्याच्याकडे शिकू नका. कोनाने जोरात ठोकलेला बारीक पाइप तोंडाशी बसतो आणि तो पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. माझे वरिष्ठ दुसऱ्या दिवशी रागावले नाहीत. हीटिंग लावून ते चार तास माझ्याबरोबर नुसते बसले, मग त्यांनी ६१ पाइप माझ्याकडूनच परत चढवून घेतले.

घाबरून जाऊ नका. रीड पुन्हा लागतो. बर्मिंगहॅम टाउन हॉलचा ऑर्गन १८३४चा, विल्यम हिलने बांधलेला. संगीतकार मेंडेलसोननेही तो वाजवला आहे. हिलच्याच कंपनीने सिडनी टाउन हॉलला १८९०मध्ये पाच मॅन्युअल (हातांनी वाजवायच्या पट्ट्यांच्या ओळी) आणि ६४ फुटी रीडचा ऑर्गन दिला. तिथे किती शिकाऊ हात लागून गेले असतील! ही वाद्यं अजून बोलतात.

पैशापेक्षाही दुर्मीळ गोष्ट शांतता आहे. सार्वजनिक हॉलमध्ये लग्नं, सभा, परीक्षा सगळंच असतं. व्हॅक्यूम क्लीनर चालू असताना ठोके ऐकू येत नाहीत. देणग्या गोळा करणाऱ्या मित्रमंडळात असाल तर चामड्याच्या खर्चाइतकाच हट्ट रिकाम्या तासांसाठी धरा, आणि ऑर्गन नियमित वाजेल असं बघा. न वाजलेल्या ऑर्गनचे सूर अडकतात.

सोमवारी काम असेल तर शुक्रवारीच हॉलच्या माणसाला फोन करून रविवारी रात्रीपासून हीटिंग लावायला सांगा. थर्मामीटर दोन ठेवा, एक कन्सोलजवळ, एक वर पाइपांत. दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहा, त्यानंतरच नाइफ बाहेर काढा.